विहारयात्रा की धम्मयात्रा? शाळकरी मुलांच्या परदेश सहलींविषयी

ठाणे, डोंबिवली, कल्याण परिसरातील इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांतून आता परदेश सहलीची पत्रके घरी येतात. नासा, सिंगापूर, दुबई, कुठे जपान. पत्रकात 'शैक्षणिक' हा शब्द हमखास असतो आणि अलीकडे त्याच्या जोडीला 'सेवा' किंवा 'सामाजिक उपक्रम' हा शब्दही दिसू लागला आहे. आठ दिवस फिरायचे आणि त्यात एक दिवस तिथल्या एखाद्या गरीब शाळेत किंवा अनाथाश्रमात वस्तू वाटायच्या, असा तो बेत. कल्याण पूर्व, उल्हासनगर, दिवा, मोहने या भागांतील आपल्या समाजाचे पालकही आता मुलांना याच शाळांत घालतात. ते पत्रक आले की घरात बोलणे सुरू होते: पाठवायचे कसे, आणि नाही पाठवले तर पोराला वर्गात काय वाटेल?

या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी नुसते 'हे श्रीमंतांचे चोचले' म्हणून उठून जाऊ नये, असे आमचे मत आहे. परदेशी जाण्याचे मोल आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले नसते तर पुढचा इतिहास कसा झाला असता, याची कल्पना करून पाहावी. धर्मांतरानंतर महिनाभरातच, तब्येत साथ देत नसताना, ते नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्याआधी १९५०ला कोलंबो आणि १९५४ला रंगून. सीमा ओलांडून आपली माणसे शोधणे हा आपल्या चळवळीचाच भाग आहे.

तेव्हा विचारायचे ते असे: कोणती सहल, कोणाच्या पैशाने, आणि तिथे जाऊन करायचे काय?

याचे एक जुने उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीत सापडले आहे. सोपारा आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. या आठव्या लेखाचा विषय चक्क सहल हा आहे. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. इथे विहार म्हणजे आपले बुद्धविहार नव्हेत, तर मौजमजा, शिकार वगैरे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचे तेही त्याने सांगितले आहे: श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान देणे, वृद्धांना भेटून त्यांना आधार देणे, आणि जनपदातील लोकांना भेटून धम्म सांगणे व धम्माविषयी विचारपूस करणे. म्हणजे पाहणे, देणे, आणि नुसते उपदेश न करता प्रश्नोत्तरे करणे. 'एज्युकेशनल अँड चॅरिटेबल टूर' असे पत्रकात छापणाऱ्यांच्या सव्वादोन हजार वर्षे आधी हा विचार सोपाऱ्याच्या बंदरात दगडावर कोरलेला होता.

या कसोटीला आजच्या सहली लावून पाहू.

'नासा भेट' म्हणजे नक्की काय

सर्वाधिक विकली जाते ती नासाची सहल. बहुतेक सहली फ्लोरिडातील केनेडी स्पेस सेंटर व्हिजिटर कॉम्प्लेक्सला किंवा ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरला जातात. ही दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, यात वाद नाही. पण ती तिकीट काढून कोणालाही पाहता येतात. फ्लोरिडाचे केंद्र नासासाठी एक खासगी कंपनी चालवते, ह्यूस्टनचे एक स्वतंत्र ना-नफा संस्था. त्यामुळे 'आपल्या पाल्याची नासासाठी निवड झाली आहे' असे पत्र आले तर निवड कोणी केली, कोणत्या परीक्षेने केली, हे आधी विचारावे. पैसे भरणारा प्रत्येक जण निवडला जात असेल तर ती निवड नव्हे, विक्री आहे. 'युवा नेतृत्व परिषद', 'जागतिक विद्यार्थी संसद' अशा भारदस्त नावांच्या पत्रांनाही हाच नियम लावावा.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाचीच फी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. सगळा खर्च काही लाखांत जातो. पतपेढीचे कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून हा खर्च करू नये, हे आम्ही विचारायला येणाऱ्या पालकांना स्पष्ट सांगतो. दहावीनंतर त्याच पैशाची खरी गरज लागणार असते. ज्यांना झेपते त्यांनी जरूर पाठवावे, पण दराचा तपशील लेखी मागावा: विमान, व्हिसा, विमा, जेवण, प्रवेशतिकिटे वेगवेगळी, रद्द केल्यास किती परत, किती मुलांमागे किती शिक्षक आणि त्यांच्या जागेचा खर्च कोणाच्या माथी. टूर कंपनी पॅकेजवर टीसीएस कापते, ती पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होते आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मागता येते. पुष्कळ पालकांना हे माहीत नसल्याने ती रक्कम तशीच पडून राहते.

सरकारी शाळेतील मुलांना ही दारे बंदच आहेत असे मात्र नाही. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ साली आपल्या शाळांतील सहावी-सातवीच्या मुलांची 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतली, ७५ मुले निवडली आणि त्यांतील २५ नासासाठी, ५० इस्रोसाठी ठरवली. खर्च जिल्हा परिषदेचा. निवड म्हणतात ती ही. ठाणे जिल्हा परिषद, ठाणे महापालिका, कल्याण-डोंबिवली महापालिका यांच्या शाळांत आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. पुण्यात झाले ते इथे का नाही, हे निवेदन कोणत्याही विहार समितीला किंवा विद्यार्थी संघटनेला देता येईल. दुसरा मार्ग 'इन्स्पायर अवॉर्ड मानक' योजनेचा. सहावीपासूनचा विद्यार्थी स्वतःची नवी कल्पना शाळेमार्फत पाठवतो, निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १० हजार रुपये मिळतात आणि राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या मुलांना जपानच्या 'साकुरा सायन्स' कार्यक्रमात जाण्याची संधी मिळालेली आहे. यात पालकांचा पैसा लागत नाही. लागतो तो नामांकन वेळेत भरणारा शिक्षक. आपल्या वस्तीतील शाळेने यंदा नामांकने पाठवली का, एवढे विचारायला मुख्याध्यापकांकडे दोन कार्यकर्ते गेले तरी फरक पडतो.

सेवेचा एक दिवस

आता 'सेवा' या भागाकडे येऊ, कारण आमची खरी अडचण तिथे आहे.

गाडीतून उतरणारे पाहुणे, रांगेत बसवलेली मुले, हातात वही किंवा खाऊचा पुडा, आणि कॅमेऱ्याकडे बघा म्हणणारा माणूस. हे दृश्य आपल्या वस्त्यांनी समोरच्या बाजूने पाहिलेले आहे. रांगेत बसणारे आपणच होतो. त्या फोटोत कोणाचे नाव नसायचे, नुसते 'गरजू मुले' असायचे. आपल्यातीलच कोणाचे पोर उद्या कंबोडियात किंवा नेपाळात जाऊन त्या फोटोच्या दुसऱ्या बाजूला उभे राहणार असेल, तर ही प्रगती म्हणायची का?

अनाथाश्रमाच्या भेटींना तर सरळ नकार द्यावा. कंबोडियातील अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने दाखवून दिले आहे. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुले घरापासून तोडून आणली जातात. नेपाळमध्येही हा धंदा फोफावला होता आणि २०१५च्या भूकंपानंतर मुलांना पालकांशिवाय बाहेर नेण्यावर तिथल्या सरकारला बंधने आणावी लागली. ऑस्ट्रेलियासारख्या देशात आता याची गणना गुलामीच्या आधुनिक प्रकारांत होते. आपली मुले चांगल्या मनाने जातात, पण त्यांच्या तिकिटाच्या पैशावर कोणाचे तरी मूल घराबाहेर राहते.

दान नको असे आम्ही म्हणत नाही. दान ही पारमिता आहे, आपल्या परंपरेत ती पहिली येते. पण लुंबिनीला अशोकाने काय दिले ते पाहावे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो तिथे गेला. स्तंभावर कोरले आहे की इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून लुंबिनी गावाला बळी माफ केला आणि उत्पन्नावरचा हिस्सा आठव्या भागावर आणला. सम्राटाने गावात वस्तू वाटल्याची नोंद नाही. करसवलतीची आहे. गावाच्या डोक्यावरचा भार कायमचा हलका करणे हे त्याचे दान होते.

शाळकरी मुले कर माफ करू शकत नाहीत हे आम्हालाही कळते. पण ती एका शाळेशी वर्षभर नाते ठेवू शकतात. लुंबिनीच्या भोवतालचा प्रदेश मधेशी दलित, थारू, मुस्लिम अशा कष्टकऱ्यांचा आहे. नेपाळने जातीय भेदभाव व अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा २०११ साली केला. आपल्या नववीतल्या मुलीने तिथल्या नववीतल्या मुलीला विचारावे: तुमच्या शाळेत पाणी कुठे पितात, कोण कुठे बसते, कायदा माहीत आहे का? आणि तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. अशोकाच्या लेखातील विचारपूस ती हीच. पुस्तकांचा संच द्यायचाच असेल तर तो तिथल्या शिक्षकांना विचारून, तिथल्याच दुकानातून घेऊन, शाळेच्या वाचनालयाला द्यावा आणि वाटपाचा फोटो काढू नये. विहाराच्या ट्रस्टमधून असा खर्च करायचा असल्यास आधी सीएला विचारावे. धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेल्या खर्चाला प्राप्तिकराची सूट सहसा लागू होत नाही.

पहिली सहल: लुंबिनी

आमची सूचना अशी की विहार समित्या, महिला मंडळे आणि विद्यार्थी संघटना यांनी मिळून आठवी-नववीच्या मुलांची पहिली परदेशयात्रा लुंबिनीला न्यावी. भावनिक कारण सांगायला नको. व्यवहाराची कारणे जास्त आहेत.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. प्रौढांना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. त्यांचे आधार कार्ड मात्र यासाठी ग्राह्य धरले जात नाही, आणि इथे अनेक गट अडकतात. १५ वर्षांखालील मुलांना वय आणि ओळख सांगणारा फोटोसह पुरावा चालतो, त्यात आधार येते. १५ ते १८ या वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. म्हणजे नववीच्या वर्गात दोन्ही प्रकारची मुले निघतील. प्रत्येकाची जन्मतारीख पाहूनच कागद तयार करावेत.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्स्प्रेस कल्याणला थांबते. साधारण दीड दिवसाचा प्रवास. रेल्वेत शैक्षणिक सहलीसाठी विद्यार्थ्यांना स्लीपर व द्वितीय वर्गात ५० टक्के सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झालेला आहे, तेव्हा ही सवलत आपल्या मुलांची हक्काची आहे. त्यासाठी शाळेचे सवलत प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला लागतो. खिडकीवरचा कर्मचारी 'आता असे काही नाही' म्हणाला तर आरक्षण पर्यवेक्षकांना भेटावे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, विद्यार्थ्यांची नाही.

गोरखपूरहून सोनौलीची सीमा शंभरेक किलोमीटर. पलीकडे भैरहवा आणि तिथून पुढे लुंबिनी. भारतातील बस सीमेपार न्यायची असल्यास भन्सारचा परवाना घ्यावा लागतो. त्यापेक्षा चालत सीमा ओलांडून पलीकडची गाडी करणे सोपे, आणि मुलांना सीमा पायी ओलांडल्याची आठवण राहते. भारतीय चलनाच्या मोठ्या नोटांचे नेपाळमधील नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ यांना १९९७ साली जागतिक वारसा दर्जा मिळाला. परिसराचा आराखडा जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी १९७८ साली पूर्ण केला. मधून कालवा, एका बाजूला थेरवादी देशांची विहारे आणि दुसऱ्या बाजूला महायानी देशांची. म्यानमार, थायलंड, चीन, कोरिया, जर्मनी एकाच दिवसात पायी फिरून होतात. बौद्ध म्हणजे आपल्या वस्तीपुरते नव्हे, जगात आपले किती जण आहेत, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला भाषणाने पटत नाही. तिथे चालताना पटते. जोडून पश्चिमेला तिलौराकोट आणि परतीच्या वाटेवर गोरखपूरच्या पूर्वेला कुशीनगर करता येते.

वेळ दिवाळीच्या सुट्टीची चांगली. डिसेंबर अखेरीस त्या भागात दाट धुके असते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, आणि मे महिन्यात उन्हाने मुले आजारी पडतात. दिवाळीला अडचण एकच: छठपूजेची गर्दी. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळीच तिकिटे काढायला बसावे किंवा छठ उलटून गेल्यावर निघावे. यात्रा शाळेच्या नावावर असेल तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलींसोबत शिक्षिका हवीच. संघटनेच्या नावावर असली तरी हे सगळे पाळावे.

पैसा कोठून, याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीतून आवाजाच्या भिंतीवर किती जाते याचा हिशेब प्रत्येक मंडळाकडे असतो. त्यातला ठरावीक वाटा यात्रेसाठी काढून ठेवावा. मुले निवडताना नुसते गुणवंत निवडू नयेत, नाहीतर तीच ती चार घरांची मुले जातील. निम्म्या जागा मुलींच्या, निम्मी नावे चिठ्ठ्या टाकून, असे केल्यास कुरकुर कमी होते.

निघण्याआधी एका रविवारी मुलांना कान्हेरीला न्यावे. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. आपल्या रेल्वे स्टेशनचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे हे कळले की मुले पुढचे स्तंभ वेगळ्या नजरेने पाहतात. सोपाऱ्याच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तोही दाखवावा.

पासपोर्ट काढून ठेवा

लुंबिनीला पासपोर्ट लागत नसला तरी यात्रेच्या निमित्ताने प्रत्येक मुलाचा पासपोर्ट काढावा, असा आमचा आग्रह आहे. कारण पुढचे आहे. परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना. शाळकरी मुलांसाठी अशी योजना नाही. पण या जागांसाठी बाविसाव्या वर्षी धावपळ करणाऱ्या मुलांची गाडी कागदांवरच अडते. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, आणि नावांतील फरक. आपल्याकडे हा फरक जास्त असतो. कोणी आडनाव बदललेले, कोणाच्या दाखल्यावर जुने आडनाव आणि आधारवर नवे, आईचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. हे राजपत्रात प्रसिद्धी देऊन किंवा शाळेच्या नोंदीत दुरुस्ती करून नीट करता येते, पण वेळ लागतो. दहावीचे प्रमाणपत्र हातात पडण्याआधी केले तर सोपे, नंतर मंडळाच्या कार्यालयात खेपा.

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टची फी १००० रुपये, मुदत पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे, जे आधी येईल ते. १५ वर्षे पूर्ण झालेल्यांना १५०० रुपये भरून दहा वर्षांचा घेता येतो, आणि तोच घ्यावा. आई-वडील दोघांच्या सहीचे 'परिशिष्ट डी' लागते. एकटी आई किंवा एकटे वडील सांभाळत असतील तर 'परिशिष्ट सी' आहे. त्यामुळे 'नवरा सही देत नाही म्हणून पोराचा पासपोर्ट होणार नाही' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. जन्मदाखला नसल्यास शाळा सोडल्याचा दाखला चालतो. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना आहे. अर्ज ऑनलाइन भरून ठाण्यातील वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घेता येते. एका विहारात एका रविवारी दोन संगणक, एक प्रिंटर आणि कागद तपासणारे चार विद्यार्थी बसले तर वीस मुलांचे अर्ज सहज भरून होतात.

मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्राचा आणि रेल्वे सवलतीचा कागद मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळत नाही. शाळा जूनमध्ये उघडतात. दिवाळीत निघायचे असेल तर मुलांची यादी जुलैअखेर शाळेच्या कार्यालयात पोहोचलेली असावी.